सरासरीतले सहा एकर

— तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र

गणिताला भिऊन कला शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्यांची कोणी शिरगणती केली, तर आमच्या महाविद्यालयातील निम्मे बाक भरतील असा माझा अंदाज आहे. हा अंदाज आहे, आकडेवारी नव्हे. या दोहोंतला फरक मला अलीकडेच कळू लागला आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी स्वतः त्या भित्र्यांच्याच पंथातला. शाळेत ‘दरसाल दर शेकडा’ हे शब्द फळ्यावर उमटले की माझ्या पोटात गोळा येई. दहावीचा गणिताचा पेपर देऊन बाहेर पडलो, तेव्हा या विषयाचे पुन्हा तोंड पाहायचे नाही अशी मी मनोमन प्रतिज्ञा केली. पुढे बी. ए.ला अर्थशास्त्र घेतले आणि एके दिवशी फळ्यावर मध्य, मध्यक आणि बहुलक अशी तीन भावंडे ओळीने येऊन उभी राहिली. आगीतून निघून फुफाट्यात पडणे म्हणजे काय, ते मला त्या तासाला समजले.

प्रस्तुत लेख या आणि अशा शब्दांविषयी आहे, सूत्रांविषयी नाही. सूत्रे पुस्तकात आहेत आणि परीक्षेपुरती ती पाठही करता येतात. माझा अनुभव असा की, आपले घोडे अडते ते सूत्रांपाशी नव्हे, शब्दांपाशी. संख्याशास्त्राने आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द उचलले आणि त्यांना आपल्या कामापुरता एक नेमका अर्थ दिला. आपण मात्र वाचताना त्यांचा घरगुती अर्थच धरून बसतो. हे मला कळले ते वर्गात नव्हे, तर आमच्या गावच्या ग्रामसभेत, आणि तेही चारचौघांत फजिती झाल्यावर.

गेल्या वर्षी आम्हाला एक प्रकल्प करावयाचा होता. मी ‘आमच्या गावातील जमीनधारणा’ हा विषय निवडला. दिवाळीच्या सुटीत वही घेऊन हिंडलो, घरोघर चहा प्यालो आणि अकरा कुटुंबांची माहिती लिहून आणली. प्रकल्पाला गुणही बरे मिळाले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंचांनी मला उभे केले. ‘आपल्या पोरानं गावाचा अभ्यास केलाय, ऐका जरा,’ म्हणाले. मी घसा खाकरून वाचले, ‘आपल्या गावात दर कुटुंबामागे सरासरी सहा एकर जमीन आहे.’ टाळ्या पडल्या.

त्यानंतर विषय निघाला तो गावतळ्यातला गाळ काढण्याचे काम मागण्याचा. उन्हाळ्यात मजुरांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा हेतू. तेव्हा पुढे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘सरासरी सहा सहा एकरांचे धनी आहोत आपण. काम मागायची गरजच काय?’ मागे बायकांत आमच्या शेजारच्या मावशी बसल्या होत्या. त्या दुसऱ्यांच्या शेतावर खुरपायला जातात. त्या उठून मला म्हणाल्या, ‘बाळा, तू शिकलेला हाईस. त्या सरासरीतले माझे सहा एकर कुठल्या बांधाला हाईत तेवढं दाव, म्हंजे उद्यापासनं रोजानं जायला नको.’

सभा हसली. मीही हसलो. पण ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला, आणि त्याला माझा आकडा कारणीभूत झाला होता. त्या रात्री मी वही पुन्हा उघडली.

वहीतले आकडे असे होते. तीन घरांना जमीन मुळीच नाही. दोन घरांना एकेक एकर, दोन घरांना दोन-दोन एकर, मग एक तीन एकरवाला, एक चार एकरवाला, एक पाच एकरवाला. आणि शेवटी एक वाडा, त्याची अठ्ठेचाळीस एकर. एकूण बेरीज सहासष्ट. भागिले अकरा, उत्तर सहा. गणित बिनचूक होते. पण अकरांपैकी एकाही घराकडे सहा एकर जमीन नव्हती! दहा घरे सहाच्या खाली आणि एकटा वाडा सहाच्या कितीतरी वर.

या सहाला आमच्या पुस्तकात ‘मध्य’ म्हणतात आणि व्यवहारात आपण ‘सरासरी’ म्हणतो. सगळी जमीन एकत्र करून सर्वांना सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल, एवढेच तो सांगतो. इंग्रजीत सरासरीला जो शब्द आहे, त्याचा उगमही अशाच वाटपात आहे. वादळात जहाजावरील काही माल बुडाला, तर ते नुकसान सर्व व्यापाऱ्यांनी वाटून घ्यायचे, या रिवाजातून तो शब्द आला. म्हणजे सरासरी हे मूळचे ‘वाटून घेतल्यास’ या अटीवरचे उत्तर. आमच्या गावात कोणी काही वाटून घेतलेले नव्हते. अट विसरलो आणि उत्तर तेवढे वाचून दाखवले, हा माझा अपराध.

‘मध्यक’ हा दुसरा भाऊ. सर्व आकडे चढत्या क्रमाने ओळीत उभे करायचे आणि बरोबर मधल्याला हात धरून पुढे आणायचे. अकरांत सहावा मधला; त्याच्याकडे दोन एकर. वाड्याची जमीन अठ्ठेचाळीसऐवजी चारशे एकर असती तरी मध्यक जागचा हलला नसता, आणि मध्य मात्र अडतीस एकरांवर जाऊन बसला असता. तिसरा भाऊ ‘बहुलक’ म्हणजे सर्वांत अधिक वेळा आलेला आकडा. तो होता शून्य. एकाच वहीतून सहा, दोन आणि शून्य अशी तीन उत्तरे निघाली आणि तिन्ही खरी! मावशींचे घर तिसऱ्या उत्तरात होते. वर्तमानपत्रात ‘दरडोई उत्पन्न’ वाचाल तेव्हा हे ध्यानात असू द्या. ते या तिघांपैकी मध्य या भावाचेच नाव आहे.

एका शब्दाने असा दगा दिल्यावर मी बाकीच्यांकडेही संशयाने पाहू लागलो. आमच्या संस्कृतच्या सरांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, चुकीच्या वाचनातून तर जगाच्या गणिताला एक शब्द मिळाला आहे.’ आणि त्यांनी ‘साइन’ची कथा सांगितली. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात ज्यांची, म्हणजे वर्तुळातल्या अर्ध्या दोरीच्या लांबीची, कोष्टके दिली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच जीवा असेही म्हणत, आणि आपल्या भूमितीच्या पुस्तकातली जीवा हीच. अरबांनी तो शब्द ‘जीब’ असा उचलला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, उराशी असलेली झोळ. हिंदीतला खिसा या अर्थाचा ‘जेब’ त्याच घराण्यातला. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला आणि त्याचे झाले साइन. धनुष्याच्या दोरीचा असा खिसा झाला! तेथे गणित बिघडले नाही, कारण व्याख्या शाबूत होती. व्याख्या सोडून नुसता शब्द धरला की मात्र आमच्या ग्रामसभेसारखी गत होते.

आता ‘प्रमाण विचलन’ घ्या. तर्कशास्त्राच्या वर्गात प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन. शाळेच्या गणितात ते गुणोत्तराचे भावंड. औषधाच्या बाटलीवर ते मात्रा दाखवते. येथे मात्र प्रमाण म्हणजे ठरवून दिलेले माप, आणि विचलन म्हणजे सरासरीपासून ढळणे. आकडे सरासरीभोवती दाटीने बसले आहेत की चहूकडे पांगले आहेत, हे या मापाने कळते. शेतकऱ्याच्या मुलाला हे पावसाखेरीज दुसऱ्या कशाने पटणार? समजा, एका वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत १४०, १६०, १७० आणि १३० मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या वर्षी पडला २०, ४०, ५०० आणि ४०. दोन्ही वर्षांची बेरीज ६००, दोन्हींची महिन्याची सरासरी १५०. पहिल्या वर्षी पीक उभे राहील. दुसऱ्या वर्षी आधी पेरणी करपेल आणि मग माती वाहून जाईल. आता प्रत्येक महिन्याचा पाऊस १५० पासून किती दूर आहे ते पाहा, त्या अंतरांचे वर्ग करा, वर्गांची सरासरी काढा आणि तिचे वर्गमूळ घ्या. पहिल्या वर्षाचे प्रमाण विचलन येते सुमारे १६ आणि दुसऱ्याचे सुमारे २०२. सरासरीने जे झाकले ते विचलनाने उघडे केले.

पावसाच्या बातमीतला ‘सामान्य’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा. भारतीय हवामानशास्त्र विभाग देशभरच्या मोसमी पावसाची तुलना दीर्घकालीन सरासरीशी करतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली ही सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर मोसम ‘सामान्य’. जिल्ह्याच्या पातळीवर तर सरासरीपेक्षा १९ टक्के कमी किंवा १९ टक्के अधिक एवढा पाऊसही सामान्यच गणला जातो. सामान्य म्हणजे समाधानकारक नव्हे. ठरावीक मर्यादांच्या आत, एवढाच त्याचा अर्थ. ‘पाऊस सामान्य आहे’ असे रेडिओ सांगत असतो आणि आमचे वडील आभाळाकडे पाहत असतात. दोघेही खोटे नसतात.

टक्क्यांची गोष्ट निराळीच. हा शब्द इतका ओळखीचा की त्याच्याविषयी शंकाच येत नाही. एखाद्या बँकेने व्याजाचा दर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेला, तर वाढ किती? बहुतेक जण म्हणतील, दोन टक्के. पण ८ वर २ ची वाढ म्हणजे पावपट, म्हणजे २५ टक्के. दर खरोखर दोन टक्क्यांनी वाढला असता तर तो ८.१६ झाला असता. म्हणून दोन दरांमधल्या नुसत्या वजाबाकीला ‘टक्के-बिंदू’ म्हणावे असा संकेत आहे. येथे वाढ दोन टक्के-बिंदूंची. तसेच शंभराची वस्तू आधी ५० टक्क्यांनी महागली आणि मग ५० टक्क्यांनी स्वस्त झाली, तर ती शंभराला मिळत नाही, पंचाहत्तरला मिळते. कारण दुसऱ्या खेपेला टक्के शंभराचे नव्हते, दीडशेचे होते. टक्का दिसला की ‘कशाचा?’ हा प्रश्न आधी विचारावा.

टक्क्याच्या शेजारीच राहणारा, पण त्याच्या नात्यागोत्यात नसलेला शब्द म्हणजे पर्सेंटाइल. पुस्तकी मराठीत शतमक. माझ्या आतेभावाला सीईटीत ९० पर्सेंटाइल मिळाले, तेव्हा आजोबांनी ‘शंभरात नव्वद’ म्हणून आळीभर पेढे वाटले. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे. प्रश्नपत्रिका फार अवघड असेल तर निम्म्या गुणांतही हे साधेल. फार सोपी असेल तर भरपूर गुण मिळूनही साधणार नाही. टक्के सांगतात तुम्ही किती सोडवले. पर्सेंटाइल सांगतो तुम्ही रांगेत कुठे उभे आहात. आजोबांना हे मी समजावून सांगितले. ते म्हणाले, ‘पेढे तर गोडच होते ना?’ यावर संख्याशास्त्राकडे उत्तर नाही.

आता माझ्या दुसऱ्या अपराधाकडे येतो. ती अकरा घरे मी निवडली कशी? तर बस थांब्यापासून देवळापर्यंतच्या रस्त्यावर जी उघडी दिसली ती. प्रकल्पात मात्र ऐटीत लिहिले, ‘यादृच्छिक नमुना’. यादृच्छिक म्हणजे कसेही, मनाला येईल तसे, अशी माझी समजूत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. यादृच्छिक निवडीत निवडणाऱ्याच्या मनाला काही येऊच द्यायचे नसते. आधी सर्वांची यादी हवी, प्रत्येकाला क्रमांक हवा, आणि प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरलेली संधी देऊन नशिबाला कौल लावायचा. पीक कापणी प्रयोगात महसूल मंडळातल्या उत्पादनाचा अंदाज याच रीतीने बांधतात. कोणते शेत आणि त्या शेतातला कोणता तुकडा, हे यादृच्छिक क्रमांक ठरवतात. जाणारा माणूस नव्हे. रस्त्याकडेचे, बरे दिसणारे शेत निवडले तर अंदाज फुगतो आणि आतल्या हलक्या जमिनीवाल्याचे नुकसान कागदावर दिसतच नाही. आपल्या देशात नमुना पद्धतीने पिकांचे अंदाज बांधण्याची शिस्त घालून देणाऱ्यांत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याबरोबर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे होते.

‘सहसंबंध’ या शब्दाचेही असेच. ‘संबंध’ म्हटले की आपल्याला कार्यकारण दिसू लागते. मुंबईत ज्या महिन्यांत छत्र्यांचा खप वाढतो, त्याच सुमारास हिवतापाचे रुग्णही वाढतात. दोघांत सहसंबंध आहे. म्हणून छत्री उघडल्याने हिवताप होतो असे कोणी म्हणणार नाही, कारण दोघांच्या मागे उभा असलेला पाऊस आपल्याला दिसतो. जेथे तो तिसरा दिसत नाही, तेथेच आपण फसतो. ग्रंथालयात अधिक येणाऱ्यांना अधिक गुण मिळतात हे खरे धरले, तरी ग्रंथालयाने गुण दिले की मुळातच अभ्यासू असलेले तेथे आले, हे नुसत्या सहसंबंधाला ठाऊक नसते.

आणि ‘सार्थ’! संशोधनाच्या बातमीत ‘फरक सार्थ आढळला’ असे वाचले की आपण समजतो, फरक मोठा, महत्त्वाचा. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली संशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून शंभरात पाच ही सीमा रूढ झाली. तिचा अर्थ इतकाच की, खरे पाहता फरक मुळीच नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता शंभरात पाचाहून कमी आहे. नमुना पुरेसा मोठा असेल, तर क्षुल्लक फरकही सार्थ ठरतो. सार्थ म्हणजे ‘बहुधा निव्वळ योगायोग नाही’; ‘उपयोगाचा आहे’ असे ते म्हणत नाही.

हे सारे शब्दांचे खेळ आहेत, त्यांनी कोणाचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आमच्याच विषयातला एक वाद सांगतो. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. दररोज माणशी २२५० कॅलरी मिळतील एवढे अन्न ज्या खर्चात येते, तेथे त्यांनी रेषा ओढली. निवृत्तीनंतर पुण्यात आलेल्या सुखात्म्यांनी हरकत घेतली ती ‘सरासरी’ या शब्दापाशी. त्यांचे म्हणणे, अन्नाची गरज म्हणून सांगितलेला आकडा हा सरासरी आहे, किमान नव्हे. एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक कमीअधिक होते आणि शरीर काही मर्यादेत ते सांभाळून घेते. मग सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी कसा? त्यांच्या मते सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून जो आकडा येईल, तेथे रेषा हवी. दांडेकरांसह अनेकांनी याला कडाडून विरोध केला. कमी खाऊन शरीर तग धरते म्हणजे त्याची गरज भागली असे नव्हे. हा हिशेब मानला तर गरीब माणूस आहे तिथेच राहील आणि फक्त यादीतून नाहीसा होईल, अशी त्यांची भीती. १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर हा वाद रंगला. दोघेही विद्वान, दोघांनाही गरिबांची कळकळ. प्रश्न एवढाच होता की सरासरी म्हणजे काय आणि विचलन कोणाचे. पण त्याच्या उत्तरावर कोट्यवधी माणसे भुकेल्यांत मोजायची की नाहीत, हे ठरणार होते. आमच्या तळ्याच्या ठरावाचीच ही मोठी आवृत्ती नव्हे काय?

मी पुन्हा गावी गेलो. ग्रामपंचायतीतून सर्व कुटुंबांची यादी घेतली, क्रमांकांच्या चिठ्ठ्या केल्या आणि शाळेतल्या एका लहान मुलाकडून चाळीस चिठ्ठ्या काढवल्या. या वेळी वस्तीवरही गेलो, मळ्यातही गेलो. मावशींचे घर चिठ्ठीत निघाले नाही. त्या रुसल्या. म्हणाल्या, ‘माझ्यामुळं तर तू शानपण शिकलास, आन् मलाच वगळतोस?’ त्यांना आत घेण्याचा मोह मला फार झाला, पण तसे केले असते तर नमुना यादृच्छिक राहिला नसता. त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. शेवटी त्या म्हणाल्या, ‘म्हंजे माझ्यासारखी दुसरी कुनीतरी निघंलच की.’ नमुना निवडीचे तत्त्व याहून सोप्या शब्दांत मी अद्याप वाचलेले नाही.

१ मेच्या ग्रामसभेत मी पुन्हा उभा राहिलो. वाचले, ‘चाळीस घरांची पाहणी केली. सर्वांना वाटून दिली तर दर घराला अडीच एकर येते. ओळीतल्या मधल्या घराकडे एक एकर आहे. चाळीसपैकी सतरा घरांकडे जमीन नाही.’ या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तळ्याचा ठराव निघाला आणि मंजूर झाला. तो माझ्या आकड्यांमुळे झाला असे मी म्हणणार नाही. सहसंबंध आणि कारण यांविषयी वर एवढे लिहून तसे म्हणणे बरे दिसणार नाही.

मित्रहो, आपण भाषेचे, इतिहासाचे, समाजाचे विद्यार्थी आहोत. एका शब्दाला किती अर्थ असतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कवितेत आपण ते सारे अर्थ जमवतो. आकड्यांजवळच्या शब्दाला मात्र विचारायचे, बाबा, तुझा येथला नेमका अर्थ कोणता? त्यासाठी गणितात हुशार असावे लागत नाही. आमच्या मावशी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. तरीही ‘ते सहा एकर कुठल्या बांधाला?’ हा प्रश्न त्या सभेत फक्त त्यांनाच सुचला.